पांढरं जातंय, पिशवीला सूज आहे : आयुर्वेदाची वाट पहिल्यांदा धरताना

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात येणारी बाई बहुतेक वेळा आधी भलतंच काहीतरी सांगते. कंबर दुखते, थकवा आहे, पित्त झालंय. केसपेपरवर ते सगळं लिहून होतं, नाडी बघून होते, ती उठते, पर्स खांद्याला अडकवते आणि दाराशी जाऊन वळते. "आणि मॅडम, ते जरा पांढरं पण जातं." खरं दुखणं ते. कंबर त्याच्या मागून आलेली असते.

हे सगळं त्या दाराशी वळणाऱ्या बाईसाठी लिहितेय. जिला खाज-जळजळ आहे, ओटीपोट जड वाटतं, कुणीतरी 'पिशवीला सूज आहे' किंवा 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' असं सांगून ठेवलंय, आणि आयुर्वेदिक घेऊन बघावं असं मनात आलंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. मी स्वतः वैद्य आहे. माझं घर झाडपाल्यावरच चालतं. तरी आधी सांगणार ते हेच, की काढा गॅसवर चढवायच्या आधी दुखण्याचं नाव कळलं पाहिजे.

पहिलं काम : काय होतंय ते नीट सांगता येणं

आपल्या भाषेत इथेच घोटाळा आहे. 'अंगावर जातं' म्हटलं की एखाद्या आजीला रक्तस्राव म्हणायचा असतो आणि तिच्या सुनेला पांढरं पाणी. जुन्या बायका पांढऱ्याला 'धुपणी' म्हणतात, तो शब्द त्यातल्या त्यात स्पष्ट. डॉक्टरसमोर आडवळण नको. पांढरं, पिवळं, हिरवट, लालसर, जो असेल तो रंग सांगा.

थोडा स्राव प्रत्येक निरोगी बाईला असतोच. पाळीच्या साधारण मध्यावर, बीज सुटायच्या सुमाराला, तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा आणि नितळ असतो. पाळीच्या आधी थोडा दाट होतो. वास नाही, खाज नाही, जळजळ नाही, तर ते दुखणं नव्हे. त्यावर औषध मागायला आलेल्या कितीतरी मुलींना मी काहीही न देता घरी पाठवते. त्यातल्या काही नाराज होतात आणि दुसरीकडे जाऊन तीन बाटल्या घेऊन येतात.

आता दुखण्यातला स्राव. दह्याच्या गुठळ्यांसारखा, वास फारसा नाही पण खाजेनं जीव नकोसा झालेला: हा बहुतेक वेळा बुरशीचा संसर्ग. पातळ, करडट पांढरा, मासळीसारखा वास: योनीतल्या जीवाणूंचा तोल बिघडलेला. फेसाळ, पिवळट-हिरवा, सोबत जळजळ: ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो आणि मग नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तेच दुखणं फिरून परत येतं. पूसारखा स्राव, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी आत खोल कळ: सूज गर्भाशयमुख किंवा त्याच्याही वर, गर्भाशय-नलिकांपर्यंत पोचलेली असण्याची शक्यता. 'बहुतेक' आणि 'असू शकतो' हे शब्द मी मुद्दाम वापरतेय. नुसत्या डोळ्यांनी बघून माझीही चूक होते.

पंधरा दिवस एक वही ठेवा. तारीख, पाळीचा कितवा दिवस, रंग, वास, खाज, दुखणं कुठे, लघवीला आग आहे का. तुमची ही वही माझ्या नाडीपरीक्षेपेक्षा जास्त बोलते, हे मी कबूल करते. पण पुढे सांगतेय त्यातलं एकही लक्षण असेल तर वहीसाठी थांबायचं नाही.

कधी काढा नाही, रिक्षा

थंडी वाजून ताप आणि ओटीपोटात दुखणं. पाळी चुकलीय आणि एका बाजूला सणकून दुखतंय, चक्कर येतेय. गरोदर असताना दुर्गंधीयुक्त स्राव किंवा रक्त. बाळंतपण किंवा गर्भपातानंतरचा घाण वासाचा स्राव. तांबी बसवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत वाढलेलं दुखणं. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, किंवा संबंधानंतर दर वेळी रक्त दिसणं. शेवटची दोन सोडली तर बाकीच्यांत त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. शेवटच्या दोनांत त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ.

यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी विटाव्याकडची एक बाई आली. पांढरं जात होतं आणि ओटीपोट दुखत होतं. जिना चढताना ती किंचित वाकून, एका हातानं पोट धरून आली होती. ते वाकणं मी पाहिलं, पण वाचलं नाही. पांढऱ्यावरचं पुष्यानुग चूर्ण दिलं, पथ्य सांगितलं, बारा दिवसांनी बोलावलं. नवव्या दिवशी तिचा नवरा एकटाच आला. तिला रात्री हुडहुडी भरून ताप आला होता, सोनोग्राफीत नलिकेशी पू साचलेला दिसला होता, शिरेतून औषधं चालू होती. ती वाचली. पुढे मूल राहायला तिला फार त्रास झाला. चरकानं 'परिप्लुता' म्हणून जे वर्णन केलंय, म्हणजे सूज, स्पर्श सहन न होणं, कंबर-जांघ-पाठ दुखणं आणि ताप, ते मी परीक्षेत घडाघडा लिहिलं होतं. समोर बसलेलं ओळखता आलं नाही.

ओटीपोटातल्या या संसर्गावर प्रतिजैविकंच लागतात, साधारण चौदा दिवसांचा कोर्स, आणि तो अर्धा सोडायचा नाही. उशीर झाला की नलिका चिकटतात. मग वंध्यत्व, नलिकेतली गर्भधारणा, कायमचं ओटीपोटाचं दुखणं. आपल्याकडे तर जननमार्गाचा क्षयरोगही असतो, तोही असाच गुपचूप राहतो. या अवस्थेत 'इंग्रजी औषधं गरम पडतात' म्हणून लोध्राचा काढा पीत बसणं म्हणजे घराला आग लागलेली असताना रांगोळी काढणं.

तपासणी : कुठे, काय

आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा ज्यांच्याकडे आतून तपासणीची सोय आहे असे वैद्य. ठाण्यात पालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबईत वाशीचं पालिकेचं सार्वजनिक रुग्णालय, तसंच नेरूळ आणि ऐरोलीची पालिका रुग्णालयं. सरकारी व्यवस्थेत 'सुरक्षा क्लिनिक' नावाचा विभाग असतो, तिथे अशा संसर्गांची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. पाटी वाचून बायका बिचकतात, पण आत बसलेल्या समुपदेशक ताईंनी तुमच्यासारख्या शेकडो जणी पाहिलेल्या असतात. नाव गुप्त ठेवतात.

सांगितल्या जाणाऱ्या तपासण्या साधारण अशा: आतून तपासणी, स्वॅब, लघवी, रक्तातली साखर, गरज पडली तर सोनोग्राफी. साखर कशाला, असं विचारतात. बुरशीचा संसर्ग वर्षातून चार-चारदा परत येणाऱ्या बाईला मधुमेह निघाल्याची उदाहरणं माझ्याकडे कमी नाहीत. तिशी ओलांडली असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी (उदाहरणार्थ पॅप स्मिअर) याच फेरीत उरकून घ्या. स्वॅब किंवा पॅप स्मिअरच्या आधी दोन दिवस आत गोळी, तेल, पिचू (औषधी तेलात भिजवलेला कापसाचा बोळा) काहीही ठेवायचं नाही, संबंधही नको, नाहीतर अहवालात काही धड कळत नाही.

'तोंडाला जखम आहे, पिशवीच काढून टाका' असं पहिल्याच भेटीत कुणी म्हटलं तर दुसरं मत घ्या. जिला लोक जखम म्हणतात ती बऱ्याचदा गर्भाशयमुखाची एक नैसर्गिक अवस्था असते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जाण्यासारख्या साध्या तक्रारीवरून सुरू झालेली वाट कुठवर जाते, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. ठाण्याच्या उच्चभ्रू सोसायट्यांतही ती वाट आहे, फक्त तिथे लिफ्ट आहे.

मग आयुर्वेद कशासाठी?

रास्त प्रश्न आहे. तीन जागा मला भरवशाच्या वाटतात. एक, तपासणीत संसर्ग निघाला नाही किंवा त्याचे उपचार पूर्ण झाले, तरी उरलेली आग, खाज, ओशटपणा. दुसरी, पुन्हा पुन्हा होणारा त्रास, जिथे पचन, झोप, साखर, कपडे, मनाचा ताण या सगळ्याला हात घालावा लागतो. तिसरी, बाहेरून करायचे शामक उपचार. या औषधांवर झालेले अभ्यास बरेचसे छोटे आहेत, प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मेले म्हणजे बाईच्या शरीरात मरतीलच असं नाही. तेव्हा 'शंभर टक्के हमी' म्हणणाऱ्यापासून चार पावलं लांब.

चरकाच्या चिकित्सास्थानातल्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद, म्हणजे बाईच्या जननमार्गाची दुखणी, सांगितलेत. नवख्या माणसानं त्यातलं एवढंच धरलं तरी पुरे, की कफाचा त्रास वेगळा, पित्ताचा वेगळा. बुळबुळीत, थंड, खाजरा स्राव कफाचा. आग, पिवळा-निळसर रंग, दुर्गंध, ताप हे पित्ताचं. पहिल्याला रूक्ष आणि उष्ण औषध, दुसऱ्याला शीत. म्हणूनच शेजारणीला लागू पडलेला गुग्गुळ तुमची आग वाढवू शकतो. कळव्याच्या वहिनींची पुडी घणसोलीच्या नणंदेला द्यायची नाही, ती याच कारणानं.

वैद्य गाठताना

बी.ए.एम.एस. ही मूळ पदवी. त्यापुढे प्रसूतितंत्र-स्त्रीरोग विषयात एम.एस. असेल तर उत्तमच. राज्यात नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, नोंदणी क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर दिसतो, तो खुशाल वाचा. नवी मुंबईत नेरूळला डी. वाय. पाटील आणि खारघरला येरळा मेडिकल ट्रस्टचं अशी आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो आणि पिचू, धावन (औषधी काढ्यानं आतून धुणं) यांसारखे स्थानिक उपचार तिथे नेहमी चालतात. पहिल्यांदा जाणारीला मी तिथेच पाठवेन. वेळ लागतो, शिकाऊ मुली हजार प्रश्न विचारतात, पण ते हजार प्रश्नच कामाचे असतात.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'स्त्रियांचे गुप्तरोग मुळापासून बरे' छापाच्या जाहिरातींबद्दल एकच वाक्य: १९५४ च्या औषधं आणि जादुटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात गर्भाशयाचे आजार आणि पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याची जाहिरात करायलाच मनाई आहे, म्हणजे तो कागद चिकटवणारा पहिल्या ओळीतच कायदा मोडून बसलेला असतो.

पोटात घ्यायची औषधं

चिठ्ठीवर साधारण कोणती नावं दिसतील आणि ती कशासाठी, एवढं सांगते. मात्रा तुमचे वैद्य ठरवतील.

लोध्र हे या दुखण्यातलं घरचं माणूस. तुरट, थंड, स्राव आवरणारं साल. पुष्यानुग चूर्णात ते असतंच, सोबत पाठा, आंब्याची कोय, जांभळाची बी, नागरमोथा, धायटी, ज्येष्ठमध वगैरे वीसच्या वर द्रव्यं. पुष्य नक्षत्रावर गोळा करायचं म्हणून पुष्यानुग. हे मधातून चाटवून वर तांदळाचं धुवण प्यायला सांगतात. धुवण म्हणजे भात शिजवल्यावरची पेज नव्हे. दहा ग्रॅम तांदूळ एकदा खळखळून धुवायचे, ते पाणी टाकायचं. मग आठपट पाण्यात, म्हणजे ऐंशी मिलिलिटरमध्ये, दोनेक तास भिजवायचे, हातानं चोळायचे आणि वरचं दुधट पाणी गाळून ताजंच घ्यायचं. तांदूळ पॉलिश न केलेला किंवा कमी पॉलिशचा. वाडा कोलम घरात असेल तर झकास, नसेल तर अडून बसू नका.

शतावरी आणि ज्येष्ठमध आग-कोरडेपणासाठी, विशेषतः पाळी जायच्या वयात. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, तेव्हा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तोंड उघडून सांगा. चंद्रप्रभा वटी लघवीची आग सोबत असेल तेव्हा. तिच्यात गुग्गुळ, शिलाजित आणि लोहभस्म असतं, म्हणजे ही 'नुसती वनस्पती' नाही. गुळवेलीचा कोविडनंतर इतका सुकाळ झाला की बाल्कनीतल्या कुंडीतल्या वेली लोक कापून उकळायला लागले. यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. मी ती मोजून आणि थोड्या दिवसांसाठीच देते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर कुठलंही औषध असो, बंद.

अशोकारिष्टाची बाटली तर बहुतेक घरांत असतेच. जेवणानंतर पंधरा-वीस मिलिलिटर, तेवढंच पाणी घालून. दोन गोष्टी कुणी सांगत नाही. अरिष्ट आंबवून बनतं, त्यात आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. आणि संसर्गासाठी फार वेळा दिली जाणारी मेट्रोनिडाझोलची गोळी चालू असताना दारू टाळा असं तिच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. म्हणजे सकाळी ती गोळी आणि दुपारी अशोकारिष्ट, हे चालणार नाही. आधी कोर्स संपवा, वर तीनेक दिवस जाऊ द्या, मग बाटली उघडा. गूळ असल्यामुळे मधुमेहींनी तर विचारूनच.

गरोदर असाल, तशी शक्यता असेल किंवा अंगावर पाजत असाल तर यातलं काहीही स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही. कुमारी आसव आणि गुग्गुळाचे कल्प तर मुळीच नाहीत.

बाहेरून : पंचवल्कलाचं पाणी

या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरी करण्याजोगं आणि लगेच बरं वाटणारं हेच आहे.

पंचवल्कल म्हणजे वड, उंबर, पिंपळ, पायर आणि पारसपिंपळ या पाच झाडांच्या साली. पारसपिंपळ खाडीच्या कडेला, पिवळ्या फुलांचा, पाहिलाही असेल तुम्ही. तरी साल ओरबाडायला जाऊ नका. रस्त्यावरच्या झाडावर किती धूर आणि शिसं बसलंय देव जाणे, आणि वटपौर्णिमेला आपण वडाचे जे हाल करतो तेवढे पुरेत. दुकानातून तयार भरड आणा. भरड म्हणजे जाडसर कुटलेलं, पीठ नको, ते गाळलं जात नाही.

वीस-पंचवीस ग्रॅम भरड रात्री एक लिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात भिजत घाला. सकाळी झाकण न ठेवता मंद आचेवर उकळा, अर्धं राहीपर्यंत. ॲल्युमिनियमचं भांडं नको, लोखंडी कढई तर मुळीच नको. मी एकदा घाईत कढईत केलं आणि पाणी शाईसारखं काळं झालं. साली तुरट असतात, त्यातल्या टॅनिननं लोखंड धरलं. नीट केलं तर रंग कोऱ्या चहासारखा तांबूस येतो, वास ओल्या लाकडाचा, जिभेला थेंब लावला तर तोंड आखडतं. आखडलं नाही तर साल जुनी आहे. मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. पहिल्यांदा गाळून झाल्यावर वाटतं झालं, पण सालीची बारीक कुसं उरतात आणि नाजूक जागी तीच खाजवतात. मग म्हणायचं, औषध सोसलं नाही.

हे अर्धा लिटर पाणी पसरट टबात कोमट पाण्यात मिसळा. ऊब कोपर बुडवून बघा, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतो तशी. कंबर बुडेल असं दहा-पंधरा मिनिटं बसा. टब नसेल तर तांब्यानं वरून सावकाश धार सोडा. नंतर मऊ सुती कापडानं टिपून कोरडं करा, घासू नका. दिवसातून एकदा, पाच ते सात दिवस, पाळीत नाही. पाणी रोज ताजं. ठाण्याच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत त्यावर साय धरते. पंचवल्कल न मिळाल्यास त्रिफळ्याचं पाणी याच पद्धतीनं.

हे सगळं बाहेरच्या भागासाठी आहे. आत पिचकारी मारायची नाही. योनीची स्वतःची आम्लता, म्हणजे पीएच, ३.८ ते ४.५ च्या आसपास असते, तिथले उपकारक जीवाणू ती राखतात, आणि सारखं आतून धुतलं की तेच आधी वाहून जातात. योनिधावन हा शास्त्रातला उपचार आहे, मान्य. पण तो निदान झाल्यावर, निर्जंतुक साधनांनी, दवाखान्यात, मोजके दिवस करायचा. पिचूही वैद्यांनीच ठेवायचा. त्याला दोरा असतो. दोरा कुठे आहे आणि किती तासांनी ओढून काढायचा हे विचारल्याशिवाय टेबलावरून उतरू नका. आत विसरलेला पिचू चौथ्या दिवशी नवं दुखणं घेऊन येतो. उत्तरबस्तीचं, म्हणजे पिशवीत औषधी तेल किंवा काढा सोडण्याचं, नाव कुणी काढलं आणि तुम्हाला ताप किंवा सूज आहे, तर नको म्हणा. चालू संसर्गात ती करत नाहीत.

धुरी आपल्याकडे बाळंतिणीला देतातच, ओवा-शेपाची. योनिधूपनात कडुनिंब, हळद, गुग्गुळ, वावडिंग असं घालतात. घरी करणार असाल तर निखारे खुर्चीखाली हातभर लांब, दोन-तीन मिनिटं, दार उघडं. भाजून आलेल्या बाईवर मी उपचार केलेत, तेव्हा खरं सांगायचं तर करूच नका म्हणेन.

आणि तुरटीचा खडा, लसूण, दही, खाण्याचा सोडा, जंतुनाशक द्रवाचं पाणी हे आत काहीही नको. सासूबाईंचा मान राखून नको.

दुकानात

जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत काष्ठौषधी मिळतात. गर्दीत मोठ्यानं 'लोध्र द्या' म्हणायला बायका लाजतात, म्हणून चिठ्ठी नेतात. चालतं, पण चिठ्ठीवर वनस्पतीचा कुठला भाग हवा तेही लिहा. साल, मूळ, फूल?

अशोकाच्या सालीत भेसळ फार. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला सरळसोट उभे असतात ते अशोक नव्हेत, तो आसुपालव. औषधाचा सीताअशोक वेगळा, त्याला केशरी-लाल फुलांचे घोस येतात, आणि तो आता निसर्गात कमी होत चाललाय. नागकेशराचीही अशीच गंमत. औषधाला फुलातले पुंकेसर हवेत, आणि 'तांबडं नागकेशर' म्हणून पुडीत पडतात त्या बहुधा सुरंगीच्या कळ्या. सुरंगी गजऱ्यात सुंदर दिसते, चूर्णात नको. गोडा मसाल्याच्या डब्यातलं नागकेशरही औषधाला वापरायचं नाही.

म्हणून नवख्यांनी सुटं न घेता बंद डबी घ्यावी. तिच्यावर 'आयुर्वेदिक औषध', उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारखा आणि घटकांची यादी हवी. यादीत पारा, गंधक किंवा भस्मं दिसली तर ते औषध वैद्यांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. स्टेशनबाहेर येऊरकडून, शहापूरकडून येणाऱ्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बसतात, कधी मुळ्याही असतात. भाज्या जरूर घ्या, कर्टोली मी दरवर्षी घेते. मुळी ओळखता येत नसेल तर पिशवीत टाकू नका, एवढंच.

रोजचं

दहा-बारा तास घट्ट सिंथेटिक लेगिंग्ज, त्यात ठाणे ते वाशी उभ्यानं प्रवास, वर पावसाळ्यात न वाळलेली अंतर्वस्त्रं इस्त्री न करता घातलेली. अर्धी खाज इथून येते. सुती वापरा, दमट दिवसांत इस्त्री फिरवा, घरी आल्यावर बदला. सुगंधी वॉश आणि रोजचे पॅन्टी लायनर बंद. स्टेशनवरचं स्वच्छतागृह नको म्हणून पाणी न पिण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. ती मोडा, लघवी तुंबवू नका. पथ्यात आंबवलेलं, फार तिखट, शिळं, रात्रीचं दही कमी. मूग, ज्वारी, दुधी, पडवळ, आवळा, ताक चालेल. उपवासाला साबुदाणा-शेंगदाण्यावर दिवस काढणाऱ्यांना मी वरी खायला सांगते, ऐकत कुणी नाही.

नवऱ्याला घेऊन या. संसर्ग निघाला असेल तर दोघांचा उपचार होईपर्यंत संबंध नको किंवा निरोध वापरा. हे तुम्हाला घरी बोलता येत नसेल तर माझ्यासमोर बसवा, मी बोलते.

पुन्हा कधी दाखवायचं

सात ते दहा दिवसांत खाज-वास कमी व्हायला लागला पाहिजे. नाही झाला तर औषध बदलून बघायचं नाही, तपासणी पुन्हा करायची. मधेच ताप आला, पोट दुखायला लागलं तर दहा दिवसही नाहीत. जुनाट त्रासात साधारण तीन पाळ्यांचा काळ धरतात. त्यापुढेही तेच चूर्ण, तीच बाटली चालू असेल तर वैद्यांना कारण विचारा, आणि कारण पटलं नाही तर दुसरे वैद्य.

दुसऱ्या भेटीला वही आणा, तपासणीचे कागद आणा आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या डब्या आणा, थायरॉइडच्या, रक्तदाबाच्या, केसांसाठी कुणी दिलेल्यासुद्धा. आणि खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं वाक्य पांढऱ्याचं बोला. कंबरेचं आपण नंतर बघू.